थरांची उमेदवारी

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावच्या आपल्या लहानशा कारखान्यात लोखंडी नांगर तयार केला तो १९०३ च्या सुमारास. पण तो विकला जाण्यास पुढे सुमारे दोन वर्षे लागली, कारण लोखंड जमिनीत शिरले की जमीन विषारी होते अशी त्या वेळच्या शेतकऱ्यांची दृढ समजूत होती. ही हकिगत आपल्याकडे बहुधा शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा दाखला म्हणून, किंचित हसून, सांगितली जाते. मला तीत हसण्यासारखे फारसे कधी आढळले नाही. ज्या जमिनीवर वर्षाचे दाणे अवलंबून, तिच्यात अनोळखी वस्तू घालण्यापूर्वी दोन हंगाम शेजाऱ्याच्या शेताकडे पाहत बसणारा मनुष्य हिशेबी असतो; नांगराचे गुण सिद्ध करण्याची जोखीम नांगरवाल्याने उचलावी, आपण नव्हे, एवढे त्याला पक्के कळते. यंत्रांचे इतिहास लिहिणारे शोधाच्या रात्रीचे वर्णन मोठ्या चवीने करतात, शोधकाचा पुतळा उभारतात आणि तेथून एकदम त्या यंत्राने जग कसे पालटले या प्रकरणाकडे वळतात; परंतु शोध आणि स्वीकार यांच्या मध्ये जो एक लांबलचक, रूक्ष, हिशेबवह्यांनी आणि तपासणीच्या दाखल्यांनी भरलेला मुलूख पसरलेला असतो, त्यातून वाट काढणे त्यांच्या जिवावर येते.

ज्या कारागिरीला बाजारात थ्रीडी प्रिंटिंग आणि कारखान्यांत ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग म्हणतात, आणि जिला सोयीसाठी मी येथे थररचना म्हणणार आहे, तिची हकिगत या मुलुखातच घडली. आपल्या जुन्या कचेऱ्यांत उमेदवार नावाची एक जात असे. त्याला पगार नसे, हुद्दा नसे. त्याने दफ्तरे बांधावीत, कागदांच्या नकला कराव्यात, थोरल्या कारकुनाची बोलणी खावीत आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहत वर्षे काढावीत, असा तो शिरस्ता होता. थररचनेने जगाच्या कारखान्यांत अशी उमेदवारी जवळजवळ तीस वर्षे केली. आणि योगायोग असा की, त्या काळात तिच्याकडे सोपविलेले कामही मुख्यतः नकला करण्याचेच होते.

धातूची वस्तू करण्याच्या जुन्या रीती मोजक्या आहेत. तापवून ठोकावी, वितळवून साच्यात ओतावी, किंवा मोठ्या ठोकळ्यातून नको तेवढा भाग कातून, छिलून, भोके पाडून काढून टाकावा. लोहार, ओतारी आणि लेथवरचा कारागीर ही या रीतींची घराणी होत. थररचनेत वस्तूचे काल्पनिक काप पाडून, प्रत्येक काप खालच्या कापावर चढवीत, तळापासून माथ्यापर्यंत वस्तू वाढवीत न्यावयाची असते. कल्पना म्हणून हिच्यात काही अपूर्वाई नाही. चाकाचा शोध लागण्यापूर्वीचे मडके मातीच्या वळ्या एकमेकींवर बसवूनच होत असे. आणि आपल्या खिडकीच्या कोपऱ्यात ओल्या मातीचा एकेक गोळा आणून घर बांधणारी कुंभारीण माशी हीच रीत अजून चालवीत आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये फ्रांस्वा विलेम याने माणसाला मध्ये बसवून सभोवार चोवीस कॅमेरे लावले आणि त्या छायाकृतींवरून पुतळे घडविण्याचा धंदा काढला. अमेरिकेत १८९२ साली ब्लँथर नावाच्या गृहस्थाने मेणाच्या पातळ पत्र्यांचे थर रचून डोंगरदऱ्यांचे उठावदार नकाशे करण्याचे पेटंट मिळविले, आणि १९२५ साली राल्फ बेकर याला वेल्डिंगच्या ओघळांवर ओघळ चढवून शोभेच्या वस्तू करण्याचे पेटंट मिळाले. या मंडळींची कल्पना चुकली नव्हती. वस्तूचे हजार काप अचूक पाडून देणारा कारकून त्यांच्यापाशी नव्हता, एवढेच. तो कारकून, म्हणजे संगणक, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कामावर रुजू झाला.

१९८० साली जपानातील नागोया शहराच्या नगरपालिकेच्या औद्योगिक संशोधन संस्थेत हिदेओ कोदामा नावाचा तरुण संशोधक काम करीत होता. प्रकाश पडला की घट्ट होणारी रासायनिक राळ त्या काळी वृत्तपत्रांच्या छपाईचे ठसे करण्यासाठी वापरात येत होती. ती पाहून, प्रकाशाने एक थर घट्ट करावा, त्यावर द्रवाचा दुसरा थर घेऊन तोही घट्ट करावा, आणि अशा रीतीने घन वस्तू उभी करावी, हे कोदामाच्या मनात आले. त्याने चिमुकल्या घराची प्रतिकृती अशा प्रकारे उभी करून दाखविली, त्याच वर्षी पेटंटसाठी अर्ज दाखल केला आणि १९८१ मध्ये आपली पद्धत शास्त्रीय नियतकालिकातून प्रसिद्ध केली. वरिष्ठांनी आणि सहकाऱ्यांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. अर्जाची पुढील कार्यवाही मुदतीत न झाल्याने तो निकालात निघाला. दैवाचा विनोद असा की, हेच कोदामा पुढे पेटंटचे अर्ज चालविणारे वकील झाले.

फ्रान्समध्ये तर याहून खेदजनक प्रकार घडला. आलँ ल मेओते, ओलिव्हिए द वित आणि जाँ-क्लोद आंद्रे या तिघांनी १६ जुलै १९८४ रोजी अशाच पद्धतीसाठी अर्ज केला; पण ज्या कंपन्यांच्या आश्रयाखाली तो झाला होता, त्यांना या कल्पनेत धंद्याच्या दृष्टीने काही दम दिसला नाही आणि त्यांनी अर्ज वाऱ्यावर सोडला. अमेरिकेत चार्ल्स हल याने आपला अर्ज दाखल केला तो ८ ऑगस्ट १९८४ रोजी, म्हणजे फ्रेंचांच्या मागाहून तेवीस दिवसांनी. आज जगाच्या पाठीवर कोठेही या विद्येचा जनक कोण म्हणून विचारले, तर हलचे नाव सांगितले जाते. त्याचा अधिकार मी नाकारीत नाही. परंतु जनकत्वाचे हे प्रमाणपत्र कल्पनेच्या आधी येण्यावरून मिळालेले नाही, अर्ज शेवटपर्यंत चालविण्याच्या चिकाटीवरून मिळालेले आहे. विद्वत्‌सभेने मात्र न्याय केला: १९९५ साली ब्रिटनमधील रँक पारितोषिक हल आणि कोदामा या दोघांना मिळून देण्यात आले.

हल हा कॅलिफोर्नियात अतिनील प्रकाशाचे दिवे करणाऱ्या एका लहान कंपनीत नोकरीस होता. टेबलांच्या पृष्ठभागावरील लेप या दिव्यांनी क्षणात वाळविला जाई. प्लॅस्टिकच्या एखाद्या सुट्या भागाचा नमुना हवा असला, की आधी साचा करविण्यात आठवडेच्या आठवडे जात, ही त्याची जुनी तक्रार होती. तेव्हा दिवसा नोकरी आणि रात्री प्रयोग असा क्रम त्याने चालविला, आणि मार्च १९८३ मधील एका रात्री डोळे धुण्याच्या पेल्याएवढी एक काळसर वाटी द्रवातून वर काढून, ती पाहण्यास पत्नीला घरून बोलावून घेतले. ही विद्या घरोघरी पोचण्यास पंचवीस-तीस वर्षे लागतील, असे आपण तिला त्या वेळी सांगितल्याची आठवण त्याने म्हातारपणी एका मुलाखतीत सांगितली. शोधकांच्या भविष्यवाण्या सहसा अधीरपणाने फसतात. या माणसाला अधीरपणा नव्हता, हे त्याचे वैशिष्ट्य मानले पाहिजे. मार्च १९८६ मध्ये पेटंट मंजूर झाले, त्याच वर्षी थ्रीडी सिस्टिम्स ही कंपनी निघाली.

पुढच्या दहा वर्षांत भावंडे भराभर जन्मास आली. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील विद्यालयात कार्ल डेकार्ड या विद्यार्थ्याने, प्राध्यापक जो बीमन यांच्या हाताखाली, द्रवाऐवजी भुकटी घेऊन ती लेझरच्या उष्णतेने थराथराने सांधण्याची रीत सिद्ध केली. स्कॉट क्रंप याने १९८८ च्या सुमारास आपल्या लहान मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करताना, गोंद वितळविणाऱ्या पिस्तुलातून मेण आणि प्लॅस्टिक यांचे मिश्रण थरावर थर सोडून पाहिले आणि त्या स्वयंपाकघरातील खटपटीतून वितळलेली तार पसरण्याची पद्धत आली. आज शाळा-महाविद्यालयांतून जे यंत्र दिसते ते हिचेच वंशज. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात भुकटीवर डिंकासारखा द्रव फवारण्याची रीत निघाली आणि ‘थ्रीडी प्रिंटिंग’ हे नाव तिच्यामुळे रूढ झाले. जर्मनीत म्युनिकजवळ हान्स लँगर यांनी १९८९ साली ईओएस कंपनी काढली; आखेनच्या फ्राउनहोफर संस्थेने १९९६ मध्ये शुद्ध धातूची भुकटी लेझरने पूर्णपणे वितळविण्याचे पेटंट मागितले; आणि स्वीडनमध्ये १९९७ साली आर्कॅम कंपनीने हेच काम निर्वात पेटीत इलेक्ट्रॉनच्या झोताने करण्याचे ठरविले. म्हणजे शतक संपण्यापूर्वी विद्येची सर्व अंगे प्रकट झालेली होती. मग कारखान्यात काय झाले?

कारखान्यात तिला नमुने करण्यास बसविले. नव्या गाडीच्या आरशाची बैठक, विमानाच्या हवानळीचे वळण, टेलिफोनचे कवच, यांचा आकार हातात घेऊन पाहावयाचा असला, तर पूर्वी सुतार किंवा मॉडेलकार लाकडातून आणि चिकणमातीतून तो घडवी. ते काम आता दोन दिवसांत होऊ लागले. जर्मनीत बीएमडब्ल्यू हीच ईओएसची पहिली गिऱ्हाईक होती. या काळात तिचे नावच ‘रॅपिड प्रोटोटायपिंग’ म्हणजे झटपट नमुना असे पडले आणि ते नाव तिला चांगलेच भोवले. एकदा नकलनवीस म्हणून ओळख झालेल्या माणसाला कोणी मामलेदार करीत नाही. त्या राळेची वस्तू काही महिन्यांत पिवळी पडे आणि ठिसूळ होई, हेही खरे. परंतु उत्तम वस्तूलाही ‘नमुना म्हणून ठीक आहे’ हा शेरा चुकत नसे.

हा शेरा लिहिणारा तपासनीस दुराग्रही होता काय? तसे मला वाटत नाही. ओतीव किंवा ठोकलेल्या पोलादाविषयी कारखान्याला शंभर वर्षांचा अनुभव असतो. कोणत्या मिश्रणाचा दांडा किती ओढीला तुटतो, किती लाख झटक्यांनी थकतो, याची कोष्टके छापलेली असतात, आणि पुढे काही विपरीत घडल्यास त्या कोष्टकांवर बोट ठेवता येते. भुकटी वितळवून उभी केलेल्या वस्तूत मात्र धातू आणि वस्तू एकाच वेळी जन्मास येतात. केसाहूनही पातळ असे हजारो थर, प्रत्येक थरात लेझरच्या असंख्य रेषा, आणि त्यांपैकी एखाद्या रेषेखाली सूक्ष्म पोकळी राहिली तर ती वरून दिसण्याचा संभव नाही. तापणे आणि निवणे इतक्या वेगाने होते की वस्तूच्या अंगात ताण कोंडून राहतो आणि बैठकीवरून सोडविताच ती वाकते. एकाच कंपनीच्या एकाच यंत्रावर सकाळी केलेला आणि संध्याकाळी केलेला नग सारखा निघेल याचा भरवसा पहिली कित्येक वर्षे कोणी देत नव्हते. बटण दाबावे आणि वस्तू बाहेर यावी, हे जे चित्र वर्तमानपत्रांनी रंगविले ते शुद्ध बाजारू होते. प्रत्यक्षात भुकटी चाळावी लागते, पेटीत आरगॉन भरावा लागतो, कारण बारीक धातू हवेत भडकते; मग भट्टीत ताण उतरवावयाचा, आधाराचे खुंट कापावयाचे, प्रचंड दाबाखाली तापवून आतल्या पोकळ्या मिटवावयाच्या, शेवटी लेथ किंवा मिलिंगवर तोंडे साफ करावयाची आणि क्ष-किरणांनी पोटात डोकावून पाहावयाचे. छापण्याला एक दिवस आणि पुढील संस्काराला आठवडा, असे जेथे चालते, तेथे झटपट हा शब्द कारागिराला थट्टेचाच वाटणार.

शिवाय हिशेब होता. साचा किंवा डाय करण्यास लाखो रुपये लागतात खरे, पण तो खर्च लाख नगांवर वाटला की नगामागे पैसे उरतात. थररचनेला साचा लागत नाही, म्हणून तिचा पहिला नग स्वस्त, परंतु तिचा लाखावा नगही पहिल्याच भावाने पडतो. ज्या उद्योगयुगाचा सारा डोलारा एकसारख्या लक्षावधी वस्तूंवर उभा, त्यात अशा कारागिराला जागा कोठून मिळावी? ती जेथे प्रत्येक नग मुळातच निराळा हवा असतो तेथेच मिळणार होती. आणि पहिली कायमची जागा तिला माणसाच्या कानात मिळाली, ही या सबंध इतिहासातील मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे.

कानाच्या आत बसणाऱ्या श्रवणयंत्राचे कवच पूर्वी पूर्णतः हस्तकौशल्याचे काम होते. बहिऱ्या माणसाच्या कानात मऊ लगदा भरून ठसा घ्यावयाचा, तो कारखान्यात पाठवावयाचा, तेथे अनुभवी कारागिराने त्याला घासून, त्यावरून साचा करून, प्लॅस्टिकचे कवच ओतावयाचे आणि पुन्हा घासावयाचे. कारागिराच्या बोटाचा अंदाज किंचित चुकला की यंत्र शिटी वाजवू लागे किंवा कान दुखे, आणि ते परत येई. हरवले तर सगळे पहिल्यापासून. दोन कान सारखे नसतात. एकाच माणसाचे उजवे-डावे कानही सारखे नसतात. २००० च्या आगेमागे युरोपातील श्रवणयंत्रांच्या कारखान्यांनी, यांत फोनाक आणि बेल्जियमची मटेरियलाइझ कंपनी यांचे नाव घ्यावे लागेल, ठसा लेझरने वाचून कवच थरांनी उभे करण्यास आरंभ केला. कवच लहान, राळ थोडी, ओझे काहीच नाही, चुकले तर कोणी मरत नाही, आणि संगणकातील आकृती जपून ठेवली की हरवलेल्या यंत्राचा जुळा दुसऱ्या आठवड्यात तयार. अमेरिकेतील हा सबंध धंदा पाचशे दिवसांच्या आत या पद्धतीवर गेला आणि जुन्या पद्धतीला चिकटलेला एकही कारखाना तगला नाही, असे रिचर्ड डॅव्हेनी या व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकांनी २०१५ मध्ये, एका कारखान्याच्या प्रमुखाच्या हवाल्याने, लिहिले आहे. मौज अशी की या बदलाचा गवगवा मुळीच झाला नाही. ज्यांच्या कानात ती वस्तू बसली त्यांना ती कशी झाली हे ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते.

कानापाठोपाठ दात आले. १९९७ साली कॅलिफोर्नियात निघालेल्या अलाइन कंपनीने वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या पारदर्शक पट्ट्यांचा धंदा काढला. येथे पट्टी छापली जात नाही, रोग्याच्या जबड्याच्या प्रत्येक टप्प्याचा नमुना छापून त्यावर प्लॅस्टिक तापवून बसवितात आणि काम झाले की नमुना फेकून देतात. म्हणजे जगातील थररचनेच्या एका मोठ्या कारखान्याचा माल गिऱ्हाइकाच्या हाती कधीच पडत नाही. त्यानंतर हाडांचा क्रम लागला. २००७ मध्ये इटलीत टायटॅनियमची, थरांनी केलेली, खुब्याची वाटी प्रथम रुग्णाच्या शरीरात बसविण्यात आली. तिचा पृष्ठभाग स्पंजासारखा सच्छिद्र असल्याने हाड त्यात वाढून रुतते, आणि असला पृष्ठभाग ओतकामाने किंवा कातकामाने सहजासहजी साधत नाही. येथे थररचना प्रथमच केवळ ‘सोयीची’ न राहता ‘तिच्यावाचून होत नाही’ अशी ठरली.

परंतु मामलेदारी म्हणावी अशी जागा विमानाच्या इंजिनातच होती. तेथील तपासनीस जगातील सर्वांत संशयी माणूस असतो आणि तो तसा असावा, अशी प्रत्येक उतारूची इच्छा असते. अमेरिकेची जीई आणि फ्रान्सची साफ्रान यांच्या भागीदारीतील लीप या इंजिनाची इंधन फवारणारी नळी, म्हणजे नॉझल, हा प्रश्न होता. ज्वलनकोशाच्या भयंकर उष्णतेत इंधन आतल्या आत करपून काजळी धरू नये, म्हणून तिच्या पोटात इतकी वेडीवाकडी, एकमेकांभोवती फिरणारी छिद्रे आखावी लागली की जुन्या रीतीने ती वीस तुकडे करून एकमेकांना झाळून जोडण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि प्रत्येक सांधा म्हणजे एक भावी चीर. सिनसिनाटी येथील मॉरिस टेक्नॉलॉजीज या लहान कंपनीने कोबाल्ट-क्रोमच्या भुकटीतून तीच नळी अखंड उभी करून दिली. वजन चतुर्थांशाने घटले आणि टिकाऊपणा पाचपट होईल असा जीईचा दावा होता. २०१२ मध्ये जीईने ती कंपनीच विकत घेतली. ज्या कारागिराचे गुपित आपल्याला हवे, त्याला शेजाऱ्याकडे जाऊ द्यावयाचे नाही, हे धोरण दरबारी काळापासून चालत आले आहे.

तरीसुद्धा पहिले प्रमाणपत्र नळीला मिळाले नाही. २०१५ साली अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने जीईच्या जुन्या जीई-९० इंजिनातील एका संवेदकाच्या मुठीएवढ्या पेटीला मंजुरी दिली आणि ती चारशेहून अधिक इंजिनांत बसविण्याचे ठरले. उमेदवाराला प्रथम चावड्या झाडावयास द्यावे, मग खतावणी हाती द्यावी, यातलाच हा प्रकार. २०१६ मध्ये लीप इंजिन प्रवासी विमानांवर चढले. एकेका इंजिनात सुमारे एकोणीस नळ्या. अलाबामा राज्यातील ऑबर्न गावी त्यांच्यासाठी स्वतंत्र कारखाना उभा राहिला. तेथे २०१८ मध्ये तीस हजारावी आणि २०२१ मध्ये लाखावी नळी निघाली. हलच्या त्या काळसर वाटीपासून लीप इंजिन विमानांवर चढेपर्यंत मोजले तर तेहतीस वर्षे होतात.

या मधल्या काळात एक तमाशाही होऊन गेला, त्याचा उल्लेख न केल्यास चित्र अपुरे राहील. क्रंपच्या पेटंटची मुदत २००९ मध्ये संपली, आणि बाथ विद्यापीठातील एड्रियन बॉयर यांनी २००५ पासून चालविलेल्या, यंत्राने आपलेच सुटे भाग छापावेत अशा खुल्या प्रकल्पाला एकदम मोकळे रान मिळाले. वीस वर्षे इजाऱ्यात अडकलेली वस्तू गल्लीबोळांत आली, हा लाभच झाला. परंतु त्याबरोबर घरोघरी कारखाना उभा राहणार, दुकाने बंद पडणार, असा गिल्ला सुरू झाला. या धंद्यातील कंपन्यांचे शेअर २०१४ च्या आरंभी गगनाला भिडले आणि दोन वर्षांत पार कोसळले. ज्या वर्षांत बाजाराने या विद्येला सर्वांत अधिक डोक्यावर घेतले, त्याच वर्षांत तिचे खरे काम बाजारापासून दूर, बंद दारामागे, थकव्याच्या चाचण्यांत चालले होते.

आपल्या देशात काय झाले? पवईच्या आयआयटीत प्राध्यापक करुणाकरन यांनी वेल्डिंगने थर चढवावा आणि त्याच यंत्रावर मिलिंगने तो सपाट करावा, अशी संकरित पद्धत बऱ्याच आधीपासून विकसित केली; ज्या देशात लेझरचे यंत्र आणि आयात भुकटी दोन्ही परवडत नव्हती, तेथे वेल्डिंगची तार घेऊन बसणे हा शहाणपणा होता आणि राल्फ बेकरच्या विसरलेल्या कल्पनेचा तो एक प्रकारे जीर्णोद्धारही होता. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये या विषयाचे राष्ट्रीय धोरण जाहीर करून, जगाच्या या धंद्यात तीन वर्षांत पाच टक्के वाटा मिळविण्याचे उद्दिष्ट ठेवले. धोरणाच्या खर्ड्यात टक्के लिहिणे किती सोपे असते, हे आपण पूर्वीही पाहिलेले आहे. अवकाशविद्येत मात्र काम बोलले. ९ मे २०२४ रोजी इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे, थररचनेने पुन्हा घडविलेले इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिले. पूर्वी ते चौदा भागांचे होते, आता एकच. एकोणीस वेल्डिंगचे सांधे नाहीसे झाले. आणि जेथे एका इंजिनाला ५६५ किलो घडीव धातू आणि पत्रा लागे, तेथे १३.७ किलो भुकटी पुरली. त्याच महिन्याच्या ३० तारखेला चेन्नईच्या अग्निकुल या खाजगी कंपनीचे अखंड छापलेल्या इंजिनाचे रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडाले. ५६५ आणि १३.७ या दोन आकड्यांत जो फरक आहे तो जुन्या रीतीत कीस होऊन, तुकडे होऊन, भंगारवाल्याच्या काट्यावर जात होता, हे वाचल्यावर कोणाही कारखानदाराचा जीव चुटपुटेल.

पण प्रत्येक कारखानदार रॉकेट करीत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यापुढे थररचना स्वीकारावी की नाही हा प्रश्न आज वेगळ्याच रूपात उभा आहे. ओतकामाची वाळू घेऊन तिचा साचाच थरांनी उभा करणारी यंत्रे जर्मनीत ऑग्सबर्गजवळ आणि इतरत्र होतात, आपल्याकडेही ती काही ठिकाणी आली आहेत. त्यांच्या योगाने लाकडी पॅटर्न करण्याचा टप्पा गळतो. हा टप्पा लहान नाही. धातू निवताना आकसते म्हणून पॅटर्न नेमका किती मोठा ठेवावा, वाळूतून तो न फाटता निघावा म्हणून बाजूंना किती उतार द्यावा, पोकळीसाठी कोअर कोठे टेकवावा, ही विद्या पॅटर्नमेकरच्या पट्टीत आणि डोळ्यांत असते. आपल्या भूमीवर ती फार जुनी आहे: कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मेणाची मूर्ती करून, तिच्यावर माती लिंपून, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतण्याची रीत दिली आहे आणि मेण तोलून धातूचा अंदाज घेण्यास सांगितले आहे. आज तेच मेण यंत्राने थराथराने छापून, त्यावर तोच मातीचा लेप चढवून दागिन्यांचे आणि यंत्रभागांचे ओतकाम चालते. सोमेश्वराला त्यात नवे शिकण्यासारखे यंत्र तेवढे आढळले असते.

या फाउंड्रीवाल्याला यंत्र विकण्यास येणारा मनुष्य पडद्यावर चित्रे दाखवितो, आणि फाउंड्रीवाला शांतपणे ऐकून घेऊन, किलोमागे भाव काय पडेल, एवढेच विचारतो. पंपाच्या एकाच जातीच्या केसिंगचे महिन्याला हजार नग ओतणाऱ्याला छापलेला साचा परवडत नाही. त्याचा ॲल्युमिनियमचा पॅटर्न वर्षानुवर्षे चालतो आणि त्याची किंमत केव्हाच फिटलेली असते. तेव्हा तो नाही म्हणतो, आणि त्याचे बरोबर आहे. मात्र चाळीस वर्षांपूर्वीच्या पंपाचे एकच केसिंग तडकले आहे, पॅटर्न वाळवीने खाल्ला आहे आणि तो करणारा मिस्त्री हयात नाही, असे काम दारात आले, म्हणजे त्या एका नगासाठी साचा छापून घेणे त्यालाही स्वस्त पडते.